गार पाण्याचा फॉरवर्ड आणि कॅन्सरच्या चिकट पेशी

मंडळी, पोस्ट मोठी आहे, आधीच सांगते. पण घरात, भावकीत किंवा शेजारी कुणाचा कॅन्सरचा उपचार चालू असेल तर शेवटपर्यंत वाचा. मी डॉक्टर नाही. हायस्कूलला विज्ञान शिकवते. जे वाचलं, तपासलं आणि आमच्या घरात जे घडलं ते लिहितेय.

गेल्या महिन्यात एक फॉरवर्ड फिरत होता. तुमच्याही ग्रुपवर आला असेल. 'शास्त्रज्ञांनी सिद्ध केले! थंडीमुळे कॅन्सरच्या पेशी रक्तवाहिनीला चिकटत नाहीत. रोज गार पाण्याने अंघोळ करा, बर्फाचे पाणी प्या, कॅन्सर पसरणार नाही.' खाली हात जोडलेले, आणि 'एक जीव वाचेल, पुढे पाठवा'.

आमच्या आत्याचं मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालंय आणि आता दर पंधरा दिवसांनी केमो चालू आहे. वय ६१. राहते तासगावकडे, मुलाजवळ. तो मुलगा म्हणजे माझा आतेभाऊ. आईसाठी जीव टाकणारा माणूस. त्याने हा फॉरवर्ड वाचला आणि फ्रीजमध्ये पाण्याच्या बाटल्या भरून ठेवल्या. मला फोन करून म्हणाला, "अगं, शास्त्रज्ञांनीच सांगितलंय म्हणे. फुकटचा उपाय आहे, करायला काय जातंय?"

काय जातंय, तेच या पोस्टमध्ये सांगायचंय. कारण आत्याच्या केमोत ऑक्झालीप्लॅटिन नावाचं औषध आहे. हे औषध नसांवर असा परिणाम करतं की गार वस्तूला हात लावला तरी बोटांना मुंग्या येतात, झिणझिण्या येतात. गार पाणी प्यायलं तर घसा आवळल्यासारखा होतो, श्वास अडकतोय असं वाटतं. पहिल्या केमोच्या दिवशीच सिस्टरनी आत्याला बजावलं होतं की पुढचे काही दिवस गार पाणी नाही, फ्रीजला हात नाही. म्हणजे फॉरवर्ड जे करा म्हणत होता, तेच नेमकं तिला करायचं नव्हतं.

फोनवर मी दादाला एवढंच म्हटलं, "दादा, बाटल्या तू पी. आत्याला कोमट दे. बाकीचं मी वाचून सांगते." तो गप्प झाला, पण पटलं नव्हतं. त्याचा प्रश्नही रास्त होता. "मग शास्त्रज्ञ खोटं बोलतात का?"

नाही, खोटं बोलत नाहीत. म्हणूनच हे नीट समजून घ्यायला हवं. शंभर टक्के खोटा फॉरवर्ड ओळखता येतो. ज्याच्या पोटात एक खरा दाणा असतो, तो फसवतो.

आधी तो खरा दाणा बघू.

कॅन्सरने माणूस दगावतो तो बहुतेक वेळा पहिल्या गाठीमुळे नाही, तर तो शरीरात दुसरीकडे पसरल्यामुळे. गाठीतल्या काही पेशी सुटतात, रक्तात शिरतात आणि रक्ताबरोबर फिरतात. हा प्रवास त्यांना सोपा नसतो. रक्ताच्या प्रवाहाचा मार असतो, शरीराच्या पहारेकरी पेशी असतात. १९७० साली उंदरांवर झालेल्या एका गाजलेल्या प्रयोगात दिसलं की रक्तात सोडलेल्या कॅन्सर पेशींपैकी एका दिवसानंतर शंभरातली एकसुद्धा धड जिवंत उरत नाही. पण ज्या उरतात त्यातली एखादी कुठेतरी रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तराला चिकटते, भिंतीतून बाहेर सरकते आणि तिथे बस्तान मांडते.

स्टीफन पॅजेट नावाच्या इंग्रज सर्जनने १८८९ मध्येच म्हटलं होतं की कॅन्सरची पेशी म्हणजे बी आणि अवयव म्हणजे माती. बी चहूकडे पडतं, पण उगवतं मानवेल त्या मातीत. शेतकऱ्याला हे वेगळं सांगायला नको.

आता ही पेशी चिकटते कशी? गवतातून चालताना साडीला कुसळं चिकटतात ना, तसं समजा. रक्तवाहिनीचं आतलं अस्तर एरवी गुळगुळीत असतं. पण शरीरात कुठे जखम झाली, जंतुसंसर्ग झाला, दाह झाला की टीएनएफ-अल्फासारखी रसायनं रक्तात येतात. त्यांचा निरोप मिळाला की अस्तराच्या पेशी आपल्या पृष्ठभागावर ई-सिलेक्टिन नावाचे प्रथिनांचे आकडे उभे करतात. हे आकडे खरं तर पांढऱ्या पेशींसाठी असतात. वाहत जाणारी पांढरी पेशी त्यात अडकून हळू होते, गडगडत थांबते आणि जखमेकडे जाते. चांगली सोय आहे. अडचण अशी की काही कॅन्सर पेशींच्या, विशेषतः आतड्याच्या कॅन्सरच्या पेशींच्या अंगावरही त्याच आकड्यांत अडकणारी साखरेची टोकं असतात. पोलिसांसाठी लावलेली शिडी चोरानेही वापरावी, तसा प्रकार.

आणि दाह कधी होतो? ऑपरेशननंतर. म्हणजे ज्या वेळी गाठ हाताळल्यामुळे काही पेशी रक्तात सुटण्याची शक्यता असते, नेमकं त्याच वेळी अस्तरही चिकट झालेलं असतं. म्हणून ऑपरेशनच्या आगेमागेचे काही तास आणि दिवस संशोधकांना महत्त्वाचे वाटतात.

थंडावा इथे येतो. प्रयोगशाळेत बशीमध्ये रक्तवाहिनीच्या अस्तराच्या पेशी वाढवतात, त्यांना टीएनएफ-अल्फा देतात. ३७ अंश सेल्सिअसला काही तासांत ई-सिलेक्टिनचे आकडे उभे राहतात. तापमान काही अंशांनी खाली ठेवलं तर ते उशिरा आणि कमी उभे राहतात, आणि त्यांना चिकटणाऱ्या पेशीही कमी होतात. कारण साधं आहे. पेशीच्या आत निरोप पोचवणं, प्रथिनं बनवणं ही सगळी कामं गारठ्यात मंदावतात. त्यावरून कल्पना पुढे आली की ऑपरेशनच्या सुमारास शरीराचा एखादा भाग सौम्य थंड ठेवला तर पेशी चिकटण्याला आळा घालता येईल का?

हा प्रश्न आहे. उत्तर नाही. फॉरवर्डवाल्याने प्रश्नचिन्ह पुसलं आणि उद्गारचिन्ह लावलं.

आता बशीतून बाहेर या. बशीत एकाच जातीच्या पेशी असतात. माणूस गारठला की फक्त रक्तवाहिनीचं अस्तर गारठत नाही, सगळा माणूस गारठतो.

१९९९ मध्ये भूल दिलेल्या उंदरांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. भुलेखाली ज्यांचं अंग गार होऊ दिलं, त्यांच्या नॅचरल किलर पेशी, म्हणजे कॅन्सर पेशींना मारणारे पहारेकरी, मंदावले. आणि फुप्फुसांत कॅन्सरच्या पेशी जास्त टिकून राहिल्या. म्हणजे बशीत जे दिसलं त्याच्या उलट. शिडी कमी झाली असेल, पण पोलीसही झोपले.

२०१३ मध्ये अमेरिकेतल्या रॉसवेल पार्क कॅन्सर संस्थेच्या संशोधकांनी दाखवलं की उंदरांना नेहमीच्या २२-२३ अंशांच्या खोलीत ठेवण्यापेक्षा ३०-३१ अंशांच्या उबदार खोलीत ठेवलं तर गाठी हळू वाढतात, पसरतातही कमी. उंदराला २२ अंश म्हणजे सततची थंडी. त्याची ताकद ऊब टिकवण्यात जाते.

लगेच 'बघा, थंडी वाईट' असंही म्हणू नका. २०२२ मध्ये स्वीडनच्या कॅरोलिन्स्का इन्स्टिट्यूटचा अभ्यास 'नेचर'मध्ये आला. त्यात उंदरांना ४ अंशांत ठेवलं. त्यांच्या शरीरातली तपकिरी चरबी ऊब निर्माण करण्यासाठी साखर ओढायला लागली, गाठींना साखर कमी मिळाली आणि त्या हळू वाढल्या. त्याच उंदरांना साखरेचं पाणी पाजलं की फायदा गायब. त्या अभ्यासात कॅन्सरचा एकच रुग्ण होता, तोही २२ अंशांच्या खोलीत बसवलेला. बर्फाच्या पाण्यात नव्हे.

म्हणजे एक अभ्यास म्हणतो गारवा बरा, दुसरा म्हणतो ऊब बरी. दोन्ही खरे असू शकतात, कारण प्राणी वेगळा, गाठ वेगळी, थंडी वेगळी, वेळ वेगळी. विज्ञानात हे नेहमीचंच. पण यातलं एक वाक्य उचलून कुणाच्या आईला गार पाणी पाजायचं, हा धंदा बरा नव्हे.

आणि ही कल्पना नवी आहे असंही नाही. १९३८ मध्ये अमेरिकेत फिलाडेल्फियाला टेम्पल फे नावाचे मेंदूचे सर्जन होते. त्यांनी कॅन्सरच्या रुग्णांना भूल देऊन अख्खं शरीर थंड करण्याचे प्रयोग केले. वर्तमानपत्रांत गाजावाजा झाला. काही रुग्णांच्या वेदना कमी झाल्या अशी नोंद आहे. पण कॅन्सर बरा झाला नाही आणि ती पद्धत कॅन्सरचा उपचार म्हणून टिकली नाही. शरीर थंड करण्याची विद्या पुढे हृदयाच्या ऑपरेशनात वगैरे कामाला आली. म्हणजे थंडाव्याला जागा आहे. ती कुठे, हे तपासून ठरतं.

आता माझ्या जिव्हाळ्याच्या मुद्द्यावर येते.

'थंडी आणि कॅन्सर' यात आपल्याला आज, इथे, हातात असलेली एक गोष्ट आहे आणि तिच्याबद्दल एकही फॉरवर्ड येत नाही. ती म्हणजे ऑपरेशनच्या वेळी रुग्णाचं गारठणं.

भूल दिली की शरीराचा थर्मोस्टॅट ढिला होतो. हातापायांच्या रक्तवाहिन्या सैलावतात, आतली ऊब बाहेरच्या बाजूला पसरते. पहिल्या तासातच आतलं तापमान एक ते दीड अंशाने उतरू शकतं. त्यात थिएटरचा एसी, उघडं पोट आणि खोलीच्या तापमानाचं सलाईन. मोठ्या माणसाला असं एक लिटर सलाईन दिलं तर शरीर साधारण पाव अंशाने गार होतं. ३६ अंशांच्या खाली गेलं की त्याला अल्पताप म्हणतात. नाव साधं असलं तरी परिणाम साधे नाहीत.

१९९६ चा व्हिएन्नातला अभ्यास बघा. आतड्याच्या ऑपरेशनचे २०० रुग्ण. अर्ध्यांना व्यवस्थित उबदार ठेवलं, बाकीच्यांना तेव्हाच्या नेहमीच्या पद्धतीने गार होऊ दिलं. त्यांचं सरासरी तापमान ३४.७ अंशांपर्यंत उतरलं. जखमेत पू होण्याचं प्रमाण गारठलेल्यांत १९ टक्के, उबदार ठेवलेल्यांत ६ टक्के. गारठलेल्यांचा दवाखान्यातला मुक्कामही अडीच दिवसांहून जास्त लांबला. कॅन्सरच्या रुग्णाला जखम चिघळणं म्हणजे नुसता त्रास नाही, त्याची पुढची केमो लांबते.

दुसरी बाजूही सांगते. २०२२ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये पाच हजारांवर रुग्णांचा अभ्यास आला. त्यात ३५.५ अंश आणि ३७ अंश अशी तुलना केली आणि महिन्याभरातल्या हृदयाच्या इजा, मृत्यू यात फरक दिसला नाही. म्हणजे ३७ चा अट्टहास नको, पण ३५.५ च्या खाली घसरू देऊ नका, असा त्याचा सरळ अर्थ. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांत ऑपरेशनच्या वेळी रुग्णाला उबदार ठेवायला सांगितलंय.

आता आत्याचं ऐका. रुग्णालयाचं नाव घेणार नाही, कारण प्रश्न एका रुग्णालयाचा नाही. सकाळी सात वाजता तिला पातळ सुती गाऊन घालून थिएटरबाहेरच्या पॅसेजमध्ये स्ट्रेचरवर ठेवलं. आधीची केस लांबली. डिसेंबरचे दिवस, वरून एसीचा झोत. सव्वादोन तास ती तिथे होती. मी पायाला हात लावला तर बर्फ. मी पांघरूण मागितलं तर वॉर्डबॉय म्हणाला, "ताई, एकच चादर असते पेशंटला." शेवटी दादा गाडीतून आपली सोलापुरी चादर घेऊन आला, तर ती आत चालणार नाही म्हणाले. तेही बरोबरच, जंतूंचा प्रश्न असतो. पण मग त्यांची स्वच्छ चादर कुठे होती? ऑपरेशननंतर बाहेर आणलं तेव्हा तिचे दात वाजत होते. शुद्धीवर आल्यावर पहिलं वाक्य, "बाळा, लई गार वाजतंय गं." ऑपरेशनच्या कागदांत रक्तदाब होता, नाडी होती, ऑक्सिजन होता. तापमानाचा रकाना कोरा होता.

सर्जन उत्तम होते, आजही त्यांच्याबद्दल कृतज्ञ आहे. नर्सबाई एकटीने बारा जणांचं बघत होत्या. मला कुणा एकावर बोट ठेवायचं नाही. ज्या गोष्टीला थर्मामीटर, दोन जास्तीच्या चादरी आणि कोमट केलेलं सलाईन एवढंच लागतं, ती आपल्या यादीतच नसते, हे मला खटकतं.

आणि स्वस्त गोष्टींनी फरक पडतच नाही असं कुणी म्हणू नये. याचं उदाहरण आपल्याच मुंबईतलं आहे. टाटा मेमोरियलचे डॉ. राजेंद्र बडवे आणि सहकाऱ्यांनी देशातल्या ११ केंद्रांवर एक चाचणी घेतली. स्तनाच्या कॅन्सरच्या सोळाशेच्या आसपास स्त्रिया. अर्ध्यांना ऑपरेशनमध्ये गाठ काढण्याआधी सात ते दहा मिनिटं गाठीभोवती लिग्नोकेनचं इंजेक्शन दिलं. तेच, जे दात काढताना देतात. पाच वर्षांनी इंजेक्शन दिलेल्यांत ९०.१ टक्के जिवंत होत्या, न दिलेल्यांत ८६.४ टक्के. निकाल २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. यामागचा विचारही आपण वर बघितला तोच. गाठ हाताळताना पेशी सुटू नयेत, पसरू नयेत, त्या मोक्याच्या वेळी त्यांना अडवायचं.

या चाचणीत आणि त्या फॉरवर्डमध्ये फरक काय? कल्पना दोन्हीकडे साधी आहे. पण टाटाच्या लोकांनी ती माणसांवर, परवानगी घेऊन, चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट करून, वर्षानुवर्षं मोजून तपासली. सौम्य थंडाव्याने कॅन्सर पेशी कमी चिकटतात ही गोष्ट अजून त्या पायरीवर चढलेली नाही. उद्या चढली तर मी स्वतः पोस्ट लिहीन. तोवर नाही.

थंडावा आज कुठे खरोखर कामाचा आहे, तेही सांगते.

१. काही केमोत, उदाहरणार्थ फाइव्ह-एफयू झटक्यात शिरेतून देताना, तोंडात अर्धा तास बर्फाचे तुकडे चघळले तर तोंड येण्याचा त्रास कमी होतो. तोंडातल्या रक्तवाहिन्या आकसतात आणि औषध तिथे कमी पोचतं. पण सोबत ऑक्झालीप्लॅटिन असेल तर हे करायचं नाही. म्हणून आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय बर्फ नको.

२. केमोच्या वेळी डोक्याला थंड ठेवणारी टोपी घातली तर काही रुग्णांचे केस कमी गळतात. तत्त्व तेच. मोठ्या शहरांत काही ठिकाणी ही सोय आहे, स्वस्त नाही आणि प्रत्येक औषधाला लागू पडत नाही.

दोन्हींत थंडावा नेमक्या जागी, नेमक्या वेळी आणि देखरेखीखाली आहे. गार पाण्याच्या अंघोळीने शरीराच्या आतलं तापमान फारसं हलतही नाही, शरीर ते जिवापाड सांभाळतं. अशक्त, वजन उतरलेल्या माणसाला मात्र हुडहुडी भरते आणि आहे ती ताकद त्यात जाते.

हे सगळं मी आत्याच्या पडवीत बसून दादाला सांगितलं. तो बराच वेळ ऐकत होता. मग म्हणाला, "म्हणजे मला काहीच करता येण्यासारखं नाही का?" मला वाटतं, फॉरवर्ड पसरण्याचं खरं कारण या वाक्यात आहे. आपल्या माणसासाठी हाताने काहीतरी करावं, ही ओढ. तिला हसू नये. तिला कामाला लावावं.

म्हणून ही कामाची यादी. ऑपरेशन ठरलं की नातेवाइकांनी भूलतज्ज्ञांना नम्रपणे विचारावं:

१. ऑपरेशनच्या वेळी तापमान मोजणार का, आणि त्याची नोंद होते का?
२. थिएटरबाहेर थांबावं लागलं तर पांघरूण मिळेल का? आम्ही धुतलेली नवी चादर दिली तर चालेल का?
३. सलाईन कोमट करून देण्याची सोय आहे का? (घरगुती उपाय म्हणून बाटली गरम पाण्यात बुडवणं वगैरे स्वतः करू नका.)
४. केमो सुरू होताना: या औषधात थंडीचं पथ्य आहे का, किती दिवस?

हे प्रश्न विचारले म्हणून कुणी डॉक्टर रागावत नाही. उलट चांगला भूलतज्ज्ञ खूश होतो.

आणि हे आपल्या प्रतिनिधींसाठी. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरची ऑपरेशनं आणि केमो होतात, हजारो घरांना तिचा आधार आहे. मग योजनेतल्या प्रत्येक मोठ्या ऑपरेशनच्या कागदावर तापमानाचा रकाना भरणं सक्तीचं का नसावं? जिल्हा आणि उपजिल्हा रुग्णालयांच्या खरेदीत नवीन मशीनच्या उद्घाटनाबरोबर पांघरुणं, थर्मामीटर आणि सलाईन कोमट करणारी साधनं का नसावीत? यांची फीत कापता येत नाही, फोटो येत नाही, हे खरं. पण रुग्ण कल्याण समितीत तुमच्या ओळखीचा कुणी असेल तर पुढच्या बैठकीत हा एक विषय मांडायला सांगा. आमच्या तालुक्यापुरतं मी निवेदन लिहून ठेवलंय. मसुदा हवा असेल तर कॉमेंटमध्ये सांगा, पाठवते. आपापल्या तालुक्याचं नाव घाला आणि द्या.

तुमच्या जवळच्या रुग्णालयात अशी सोय चांगली असेल तर तेही आवर्जून लिहा. चांगल्याचं कौतुक झालं तर बाकीच्यांना लाज वाटते, असा माझा शाळेतला अनुभव आहे.

फॉरवर्ड पाठवणाऱ्यांवर तोंडसुख घेऊ नका. त्यांना ही पोस्ट पाठवा.